सीईओ बदलला, मग आकडे का हलले नाहीत?

वाचकांचे प्रश्न

शाश्वततेच्या कामगिरीत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा, म्हणजे सीईओचा, वाटा किती आणि कंपनी ज्या देशात वाढली तिथल्या संस्कृतीचा किती, याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. लिहिणाऱ्यांत कारखान्यात काम करणारे आहेत, संशोधक आहेत आणि गुंतवणूकदारही आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या उत्पादन कंपनीत दोन वर्षांपूर्वी नवे सीईओ आले. हवामानबदलावर ते मनापासून बोलतात. पण उत्सर्जनाचा आकडा जवळपास तिथंच आहे. सीईओच्या हातात खरंच काही असतं का?

उत्तर : भरपूर असतं. सीईओचं मत कारखान्याच्या धुरांड्यापर्यंत मुख्यतः तीन वाटांनी पोचतं : भांडवली खर्चाची मंजुरी, प्लांटप्रमुखांचं मूल्यमापन आणि खरेदीच्या अटी. या तिन्ही ठिकाणचे नियम जुनेच राहिले, तर सीईओ कितीही तळमळीचे असले तरी आकडा हलत नाही.

पहिली वाट जवळून पाहू. भट्टीतून वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरण्याच्या यंत्रणेला १०० एकक खर्च येतो आणि इंधनात दरवर्षी २५ एकक वाचतात असं धरा. पैसे वसूल व्हायला ४ वर्षं लागतील. कंपनीचा नियम असा, की ३ वर्षांत वसूल न होणारा प्रस्ताव वर पाठवायचाच नाही. म्हणजे हा प्रस्ताव सीईओच्या टेबलापर्यंत येतच नाही. प्लांटच्या एक्सेल शीटमध्येच त्याचा निकाल लागतो आणि सीईओंना वाटतं, खालून चांगले प्रस्तावच येत नाहीत. आता कंपनीने टनामागे ०.०५ एकक अशी अंतर्गत कार्बन किंमत, म्हणजे हिशेबापुरता उत्सर्जनावर लावलेला दर, धरली आणि या यंत्रणेमुळे वर्षाला २०० टन उत्सर्जन टळणार असेल, तर बचतीत १० एककांची भर पडते. १०० भागिले ३५ म्हणजे साधारण २.९ वर्षं. यंत्र तेच, खर्च तोच, पण प्रस्ताव मंजुरीच्या रांगेत येतो.

इथे नेहमी होणारी गडबड अशी, की अंतर्गत किंमत जाहीर होते, अहवालात छापली जाते, पण प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये ती परिशिष्टात राहते. परतफेडीच्या मुख्य रकान्यात ती मिळवलीच जात नाही. त्यामुळे तुमच्या कंपनीत गेल्या वर्षी नाकारलेल्या दहा-बारा प्रस्तावांचे फॉर्म काढून पाहा. त्या किमतीमुळे एकाही प्रस्तावाचा निकाल बदलला नसेल, तर ती किंमत फक्त कागदावर आहे.

दोन वर्षं हा काळही थोडा आहे. आराखडा, निविदा, यंत्र येणं, बसवणं आणि स्थिर चालणं यात मोठ्या प्रकल्पाची सहज दोन ते चार वर्षं जातात. बॉयलर वीस-पंचवीस वर्षं चालतो. त्याची बदलण्याची वेळ चुकली की पुढची संधी एकदम पुढच्या पिढीला मिळते. म्हणून नव्या सीईओला पहिल्या दोन वर्षांत उत्सर्जनावरून तोलू नका. मंजूर झालेल्या भांडवली खर्चातला किती हिस्सा उत्सर्जन घटवणाऱ्या कामांना गेला, हे पाहा.

आणखी एक गणित तपासा. उत्पादन १२ टक्क्यांनी वाढलं आणि प्रति टन मालामागचं उत्सर्जन १० टक्क्यांनी घटलं, तर १.१२ गुणिले ०.९० म्हणजे १.००८. एकूण उत्सर्जन ०.८ टक्क्याने वाढलेलं दिसेल. कारखान्यात मेहनत झालेली असते, पण ती वाढीने गिळलेली असते. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मागा.

धीर धरून काय होतं, याची दोन उदाहरणं नोंदलेली आहेत. गालिचे बनवणाऱ्या इंटरफेस या अमेरिकी कंपनीचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९४मध्ये कंपनीची दिशा बदलली. २०११मध्ये ते वारले, तरी काम थांबलं नाही. कारण तोवर ते कच्च्या मालाच्या निवडीत आणि उत्पादनाच्या रचनेत उतरलं होतं. दुसरं उदाहरण डेन्मार्कच्या डाँग एनर्जीचं. कोळशावर वीज आणि उष्णता बनवणाऱ्या या कंपनीने २००९च्या सुमारास ठरवलं, की ८५ टक्के जीवाश्म इंधन आणि १५ टक्के हरित हे प्रमाण एका पिढीत उलटं करायचं. पुढे सीईओ बदलले, २०१७मध्ये तेल आणि वायूचा व्यवसाय विकला गेला, नाव ओर्स्टेड झालं आणि ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी, २०१९मध्येच, ते प्रमाण गाठलं गेलं. त्या कंपनीत डॅनिश सरकारचा निम्म्याहून किंचित अधिक हिस्सा आहे. सीईओला वेळ देणारा मालक मागे होता, ही गोष्ट या कहाणीतून बरेचदा गाळली जाते.

प्रश्न : सीईओच्या स्वभावावर बरंच संशोधन झालं आहे असं वाचलं. आत्मप्रेमी सीईओ चांगला की वाईट? निवड करताना हे पाहावं का?

उत्तर : या संशोधनाची सुरुवात डोनाल्ड हॅम्ब्रिक आणि फिलिस मेसन यांच्या १९८४च्या मांडणीपासून होते. कंपनीचे निर्णय तिच्या वरिष्ठांच्या अनुभवाचं आणि मूल्यांचं प्रतिबिंब असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर सीईओचं वय, शिक्षण, कार्यकाळ, अगदी अपत्यंसुद्धा तपासली गेली. मुली असलेल्या सीईओंच्या कंपन्यांचं सामाजिक जबाबदारीचं मानांकन अधिक असतं, असं क्रॉन्क्विस्ट आणि यू यांना २०१७च्या अभ्यासात अमेरिकी कंपन्यांबद्दल आढळलं. आत्मप्रेमी सीईओंच्या कंपन्या अशा कामांवर जास्त भर देतात, पण त्यातून कंपनीला मिळणारा फायदा घटतो, असं २०१६च्या एका अभ्यासात दिसलं. फाजील आत्मविश्वास असलेल्या सीईओंच्या बाबतीत, २०१५च्या अभ्यासानुसार, जबाबदार कामं कमी आणि बेजबाबदार कामं जास्त.

हे सगळे सरासरीचे कल आहेत. त्यातली मोजमापंही लांबून घेतलेली असतात. वार्षिक अहवालातला सीईओचा फोटो केवढा, मुलाखतीत ‘मी’ किती वेळा आला, अशा खुणांवरून आत्मप्रेम मोजलं जातं. हजारो कंपन्यांच्या गर्दीत अशा खुणांना अर्थ असतो. समोर बसलेल्या एका उमेदवाराबद्दल त्या फारसं काही सांगत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे : निवड समितीने स्वभावाच्या चाचण्यांवर वेळ घालवू नये. उमेदवाराने आधीच्या पदावर मंजूर केलेले आणि नाकारलेले पाच मोठे प्रकल्प विचारावेत, आणि तिमाही वाईट गेली तेव्हा सर्वांत आधी कोणता खर्च कापला, हे विचारावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माणूस सहसा तयार करून आलेला नसतो.

प्रश्न : पीएचडीसाठी ४० देशांतल्या कंपन्यांचे ईएसजी गुण (पर्यावरण, समाज आणि कारभार यांवरचं मानांकन) आणि हॉफस्टेड या संशोधकाचे देशांच्या संस्कृतीचे निर्देशांक यांचं प्रतिगमन करतो आहे. देशांचे स्थिर परिणाम घातले की संस्कृतीचा गुणांक गायब होतो. ते काढले की सगळंच लक्षणीय येतं. काय चुकतं आहे?

उत्तर : इतर वाचकांसाठी आधी शब्द : प्रतिगमन म्हणजे आकड्यांमधला संबंध मोजण्याची पद्धत, गुणांक म्हणजे त्या संबंधाचं माप, लक्षणीय म्हणजे निव्वळ योगायोगाने येण्यासारखा नसलेला, आणि देशाचे स्थिर परिणाम म्हणजे प्रत्येक देशाला हिशेबात स्वतःचा वेगळा आकडा देणं. सॉफ्टवेअर बरोबर वागतं आहे. हॉफस्टेडचे निर्देशांक वर्षागणिक बदलत नाहीत. एका देशाला एकच आकडा. देशाचे स्थिर परिणाम घातले, की त्या देशाबद्दल कायम राहणारं सगळं तेच शोषून घेतात. संस्कृतीसाठी काही उरतच नाही. उलट ते काढले, की कायदे, उत्पन्न, बाजाराची जुनी घडी हे सगळं संस्कृतीच्या खात्यावर जमा होतं आणि तक्त्यात लक्षणीयतेचे तारे चमकायला लागतात. दोन्ही निकाल तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाहीत.

पहिली दुरुस्ती प्रमाण त्रुटींची, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेच्या मापाची. तुमच्याकडे ३०,००० नोंदी असतील, पण संस्कृतीच्या बाबतीत नोंदी ४०च आहेत. प्रमाण त्रुटी देशनिहाय गटात घ्या. बऱ्याचदा लक्षणीयता तिथेच उतरते. मग नमुन्यातून अमेरिका काढून पाहा, आणि नंतर जपान. या दोन देशांतल्या कंपन्या नमुन्यात इतक्या असतात, की ‘जगाचा’ निकाल प्रत्यक्षात त्या दोघांमधला फरक निघू शकतो.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. व्यक्तिवादाचा निर्देशांक आणि दरडोई उत्पन्न यांचा संबंध घट्ट आहे. श्रीमंत देशांत प्रकटीकरणाचे, म्हणजे माहिती जाहीर करण्याचे, नियम कडक, कंपन्या मोठ्या, अहवाल लिहिणारी माणसं हाताशी. दरडोई उत्पन्न, कंपनीचा आकार आणि प्रकटीकरणाची सक्ती हे तिन्ही घातल्याशिवाय व्यक्तिवादाबद्दल एक वाक्यही लिहू नका. सक्तीच्या तारखा देशोदेशी वेगळ्या आहेत. फ्रान्सने सूचीबद्ध कंपन्यांना सामाजिक आणि पर्यावरणीय माहिती देणं २००१च्या कायद्याने बंधनकारक केलं, डेन्मार्कने मोठ्या कंपन्यांसाठी असा नियम २००९पासून आणला, भारतात १,००० मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर हा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल २०२२-२३पासून सक्तीचा झाला. अशी तारीख ओलांडताना गुण चढतात, आणि तेव्हा संस्कृती तसूभरही बदललेली नसते.

तिसरी, आणि आमच्या मते तुमचा प्रबंध वाचवणारी गोष्ट. प्रश्नच थोडा बदला. ‘संस्कृतीचा परिणाम किती’ असं विचारण्याऐवजी ‘सीईओचा परिणाम कोणत्या संस्कृतीत वाढतो किंवा घटतो’ असं विचारा. सीईओचं वैशिष्ट्य देशाच्या आत कंपनीगणिक बदलतं. त्यामुळे सीईओ आणि संस्कृती यांचा गुणाकार हा चलांक देशाचे स्थिर परिणाम, इतकंच काय देश आणि वर्ष यांचे एकत्रित स्थिर परिणाम घातले तरी टिकून राहतो. सीईओ बदलण्याच्या घटना घ्या. आधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं. निवृत्तीमुळे, आजारपणामुळे किंवा मृत्यूमुळे झालेले बदल वेगळे काढा. हाकलून दिलेल्या सीईओच्या जागी आलेला माणूस संचालक मंडळाने आधीच ठरवलेल्या बदलासाठी आणलेला असतो, आणि मग श्रेय कोणाचं हे उलगडत नाही.

निर्देशांकांच्या जन्माचीही जाण असू द्या. हॉफस्टेडचं मूळ साहित्य आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या १९६७ ते १९७३ या काळातल्या सर्वेक्षणातून आलं. पुस्तक १९८०मध्ये आलं. त्याच्या तक्त्यात स्पर्धा आणि यशाला महत्त्व देण्याच्या परिमाणावर स्वीडन ५ आणि जपान ९५, म्हणजे जवळजवळ दोन टोकं. हे देशाच्या सरासरीचे आकडे आहेत. त्यावरून एका स्वीडिश सीईओच्या मनात काय आहे हे काढायला गेलात, की गटाचा गुण व्यक्तीवर लादण्याची चूक होते. २००४च्या ‘ग्लोब’ या संस्कृती आणि नेतृत्वावरच्या अभ्यासात ६२ समाजांतल्या सुमारे १७,००० व्यवस्थापकांना दोन प्रश्न विचारले होते : इथे कसं आहे, आणि कसं असायला हवं. बऱ्याच परिमाणांवर ही दोन उत्तरं एकमेकांच्या उलट दिशेला जातात. म्हणून ग्लोब वापरताना प्रथा (कसं आहे) घेतल्या की मूल्यं (कसं असावं), हे पहिल्याच तक्त्यात लिहा. एकाच परिमाणावर एका लेखात अधिक आणि दुसऱ्यात उणे चिन्ह का, याचं कारण कित्येकदा इतकंच असतं.

आणि संस्कृतीला एकटं सोडू नका. आयोआनू आणि सेराफीम यांनी २०१२मध्ये ४२ देशांचा अभ्यास केला. त्यात राजकीय व्यवस्था सर्वांत प्रभावी ठरली. त्यामागोमाग श्रम व शिक्षण व्यवस्था आणि संस्कृती.

प्रश्न : मग शेवटी भारी कोण पडतं, सीईओ की देश?

उत्तर : सीईओला मोकळीक किती असावी, हेच देश ठरवतो. क्रॉसलँड आणि हॅम्ब्रिक यांनी २००७मध्ये अमेरिका, जर्मनी आणि जपान यांतल्या मोठ्या कंपन्यांची तुलना केली. कंपनीच्या कामगिरीवर सीईओचा ठसा अमेरिकेत इतर दोन देशांपेक्षा बराच ठळक निघाला. २०११मध्ये त्यांनी हे १५ देशांपर्यंत नेलं. व्यक्तिवाद, अनिश्चितता सोसण्याची तयारी, विखुरलेली भागमालकी, कर्मचारी ठेवण्या-काढण्यातली लवचीकता यांबरोबर सीईओची मोकळीक वाढते. ती वाढली की चांगला सीईओ जास्त चांगलं करू शकतो आणि वाईट सीईओ जास्त वाईट. मोकळीक कमी असेल तिथे फरक दोन्ही बाजूंनी आकसतो.

सर्वसहमतीने चालणाऱ्या देशात नव्या सीईओकडून धक्कातंत्राची अपेक्षा करणं म्हणूनच व्यर्थ आहे. तिथे निर्णय उशिरा होतो, पण झाल्यावर कामगार संघटना, बँक आणि पुरवठादार आधीच आत घेतलेले असतात. मोकळीक असलेल्या देशात निर्णय एका बैठकीत होतो आणि पुढचा सीईओ तो तितक्याच झटक्यात मोडू शकतो. अशा ठिकाणी पहिल्याच वर्षी निर्णय करारांत आणि कंपनीच्या नियमावलीत बांधून घ्यावा लागतो.

देशाची घडी चांगली असली म्हणजे निभावतं असंही नाही. जर्मनीत १९७६च्या कायद्यानुसार २,०००हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना असतात. तरी फोक्सवागेनने उत्सर्जनचाचणी चकवणारं सॉफ्टवेअर जगभरच्या सुमारे १.१ कोटी गाड्यांमध्ये घातल्याचं सप्टेंबर २०१५मध्ये उघड झालं. आणि उलट बाजूने पाहा. फ्रान्समध्ये दानोन या खाद्यपदार्थ कंपनीचे सीईओ इमॅन्युएल फाबेर यांनी जून २०२०मध्ये कंपनीला ‘उद्दिष्टनिष्ठ कंपनी’चा, म्हणजे सामाजिक आणि पर्यावरणीय उद्दिष्टं नियमावलीत लिहिणाऱ्या कंपनीचा, कायदेशीर दर्जा मिळवून दिला, भागधारकांनी ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी पाठिंबा दिला. मार्च २०२१मध्ये परताव्यावर नाराज गुंतवणूकदारांच्या दबावाखाली संचालक मंडळाने त्यांना दूर केलं. हवामानाच्या ध्येयासाठी दिलेलं मत आणि कमी परतावा सोसण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची चाचपणी केल्याशिवाय पहिलीवर इमारत उभारू नये.

प्रश्न : आमच्या समूहाचे कारखाने पाच देशांत आहेत. सुरक्षेचं धोरण एकच. एका कारखान्यातून थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद वर्षभर शून्य येते, दुसऱ्यातून महिन्याला चाळीस. मुख्यालय पहिल्याला शाबासकी देतं. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि हे तातडीने थांबवायला हवं. जिथे माणसं यंत्रांजवळ काम करतात तिथे वर्षभरात एकही अपघात थोडक्यात टळला नाही, असं होत नाही. शून्याचा अर्थ, कोणी सांगत नाही. वरिष्ठांपुढे बोलणं उद्धटपणाचं समजलं जातं तिथे हे सर्वांत जास्त घडतं. संशोधक याला सत्ताअंतर म्हणतात. त्यात गटाला मिळून बोनस असेल तर आणखीनच. ‘अपघातमुक्त ३०० दिवस’ असा फलक आणि त्यावर सगळ्या पाळीचं बक्षीस टांगलेलं असलं, की बोट चेंगरलेला माणूस सोबत्यांचं बक्षीस बुडू नये म्हणून गप्प बसतो. आपुलकीच अपघात लपवते.

पडताळणी अशी करा. दवाखान्याचं किंवा प्रथमोपचाराचं रजिस्टर आणि अपघातांचं रजिस्टर समोरासमोर ठेवा. पहिल्यात टाके, भाजणं, डोळ्यात कण या नोंदी असतील आणि दुसऱ्यात त्या दिवशी काहीच नसेल, तर गळती सापडली. मग नोंदी पाळीनुसार आणि तारखेनुसार मांडा. रात्रपाळीची नोंद जवळजवळ नसणं, किंवा लेखापरीक्षणाच्या आठवड्यात एकदम भर पडणं, ही ठरलेली लक्षणं आहेत. रजा लागणाऱ्या दुखापतींच्या दरावर विसंबू नका. १५ लाख कामाच्या तासांत ३ दुखापती म्हणजे १० लाख तासांमागे २. हा दर जखमी माणसाला दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसवून, हलकं काम देऊन सहज खाली आणता येतो. वैद्यकीय उपचार लागलेल्या सगळ्या दुखापतींचा दर मागा.

सुधारण्यासाठी, टळलेला अपघात कळवण्याच्या चिठ्ठीवर पर्यवेक्षकाच्या सहीची अट काढा. निनावी चिठ्ठी चालेल असं स्पष्ट सांगा. प्रत्येक चिठ्ठीवर काय केलं ते सात दिवसांत त्याच फलकावर लावा. काही करता येणार नसेल तर कारण लावा. गटाचा बोनस दुखापतींच्या संख्येवरून हटवून बंद केलेल्या धोक्यांच्या संख्येवर आणा. पहिल्या सहा महिन्यांत आकडा झपाट्याने वाढेल. मुख्यालयातल्या सीईओंना हे आधीच सांगून ठेवा, कारण त्या वाढीवर त्यांनी पहिल्या आढाव्यात भुवई जरी उंचावली, तरी तो कारखाना पुन्हा शून्यावर जाईल. सत्ताअंतर जास्त असेल तिथे वरच्या माणसाची पहिली प्रतिक्रिया खालपर्यंत पोचायला एक दिवसही लागत नाही. तीच ताकद नीट वापरायची असेल, तर सीईओंनी कारखान्यात येऊन एका चिठ्ठीचं काम स्वतःसमोर पूर्ण करून घ्यावं. सपाट रचनेच्या देशांत अशा भेटीने फारसा फरक पडत नाही. तिथे कामगारांच्या सुरक्षा समितीला यंत्र थांबवण्याचा अधिकार देणं जास्त चालतं.

प्रश्न : मोबदला समितीवर आहे. सीईओच्या बोनसला शाश्वततेची जोड द्यायची आहे. किती टक्के ठेवावी?

उत्तर : टक्क्यांच्या आधी मोजमापांची संख्या ठरवा. वार्षिक बोनसचे ५ टक्के सहा मोजमापांत वाटले, तर प्रत्येकाला एक टक्काही येत नाही आणि सीईओ त्यासाठी एकही निर्णय बदलत नाही. आम्ही एक किंवा दोनच मोजमापं सुचवू, तीही तीन वर्षांच्या दीर्घकालीन मोबदल्यात आणि १५ ते २० टक्के वजनाने.

पायऱ्या सुरुवातीलाच आकड्यांत लिहा. उदाहरणार्थ, तीन वर्षांत एकूण उत्सर्जनात १२ टक्के घट हे लक्ष्य. ८ टक्क्यांपर्यंत शून्य, १२ला पूर्ण, १५ला दीडपट आणि तिथे कमाल मर्यादा, मधे सरळ रेषेत. मग १० टक्के घटीला निम्मी रक्कम मिळेल. कंपन्यांची हवामानविषयक लक्ष्यं तपासणाऱ्या विज्ञानाधारित लक्ष्यांच्या उपक्रमाची, तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याशी सुसंगत, किमान गती पायाभूत वर्षाच्या (तुलनेसाठी धरलेल्या सुरुवातीच्या वर्षाच्या) उत्सर्जनाच्या ४.२ टक्के दरवर्षी इतकी होती. तीन वर्षांचे १२.६ टक्के. आपलं लक्ष्य त्याच्या जवळ आहे की नाही, हे समितीने निदान पाहून ठेवावं.

मंदीत उत्पादन पडलं की उत्सर्जन आपोआप पडतं, म्हणून प्रति टन मालामागचं उत्सर्जनही घटलेलं असावं अशी अट जोडा. जिवावर बेतलेल्या अपघाताला वेगळं वजन देऊ नका. तो झाला तर या भागाची रक्कम शून्य. नंतर आकडे दुरुस्त करावे लागले, तर दिलेली रक्कम परत घेण्याचं कलम हवं. ‘धोरण प्रसिद्ध केलं’, ‘समिती स्थापली’ अशी मोजमापं काढून टाका. ती दरवर्षी पूर्ण होतात.

जिथे सीईओचा बहुतेक पगार ठरलेला असतो आणि निर्णय सामूहिक असतात, तिथे हे कलम सीईओपुरतं ठेवून उपयोग नाही. तिथे प्लांटप्रमुख आणि खरेदीप्रमुख यांच्या बढतीच्या निकषांत तेच मोजमाप घाला.

प्रश्न : एकाच कंपनीला दोन संस्थांचे ईएसजी गुण अगदी वेगळे. कोणाचं मानायचं?

उत्तर : कोणाचंच आंधळेपणाने नाही. बर्ग, कोल्बेल आणि रिगोबोन यांनी २०२२मध्ये सहा मानांकन संस्था तपासल्या. त्यांच्या गुणांमधला सहसंबंध सरासरी ०.५४ होता, पतमानांकनात तो ०.९च्या वर असतो. फरकाचा निम्म्याहून जास्त भाग, ५६ टक्के, एकच गोष्ट वेगळ्या पद्धतीने मोजल्यामुळे. ३८ टक्के वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यामुळे. वजनांमुळे केवळ ६. त्यामुळे एकूण गुण बाजूला ठेवून मूळ आकडे पाहा. फोक्सवागेन घोटाळा उघड झाला त्याच महिन्यात डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकाने तिला वाहन उद्योगात अग्रणी ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात ती काढली गेली. कंपनी स्वतः सांगते तेवढंच जिथे मोजलं जातं, तिथे असं होणारच.

प्रश्न : नव्या सीईओने तीन वर्षांत उत्सर्जन ३० टक्के घटवल्याचं जाहीर झालं आहे. गुंतवणूकदार म्हणून पडताळायचं कसं?

उत्तर : आधी काय विकलं ते विचारा. पायाभूत वर्षात १,००,००० टन होते, आज ७०,००० आहेत. घट ३० टक्के. पण मधल्या काळात २५,००० टनांचा एक कारखाना विकला असेल, तर जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या नियमावलीनुसार पायाभूत आकडाही ७५,००० करावा लागतो. खरी घट ५,००० टनांची, म्हणजे ६.७ टक्के. विकलेला कारखाना नव्या मालकाकडे तितकाच धूर सोडतो आहे. केवढ्या बदलानंतर पायाभूत आकडा पुन्हा काढायचा, ही मर्यादा कंपन्या स्वतः ठरवतात. ५ टक्के ही पुष्कळ ठिकाणी आढळते. ती अहवालात छापलेली नसेल, तर आकडा तात्पुरता समजा.

मग स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन. ते दोन पद्धतींनी मांडायचं असतं : ज्या ग्रिडवरून वीज येते त्याच्या सरासरीने, आणि कंपनीच्या वीजखरेदी करारांच्या व प्रमाणपत्रांच्या आधारे. दुसरा आकडा कोसळला आणि पहिला जागचा हलला नाही, तर बहुधा प्रमाणपत्रं घेतली गेली आहेत आणि विजेचा वापर तेवढाच आहे. शेवटी स्कोप ३, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या साखळीतलं उत्सर्जन. एखादी प्रक्रिया बाहेरच्या पुरवठादाराला दिली, की स्कोप १, म्हणजे कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन, घटतो आणि तेवढीच भर स्कोप ३च्या १५ प्रकारांपैकी पहिल्यात, खरेदी केलेल्या वस्तू आणि सेवांत, पडायला हवी. ती पडली नसेल तर कंपनीला एकच लेखी प्रश्न पाठवा : बाहेर दिलेल्या कामाचं उत्सर्जन कोणत्या ओळीत आहे आणि ते पुरवठादाराच्या मोजलेल्या आकड्यांवरून काढलं की खर्चाला सरासरी गुणकाने गुणून?